जिजामाता एक्सप्रेस पळसदरीला थांबत नाही

गेले तीन शनिवार-रविवार रिलीजच्या धावपळीत गेले, त्यामुळे इथे काही लिहिणं झालं नाही. या वेळी मात्र ठरवून घरी, म्हणजे खोपोलीला गेलो, आणि परत येताना मुद्दाम पळसदरीला उतरलो. कर्जत सोडलं की खोपोली लोकलचं हे पहिलं स्टेशन. बहुतेक लोक इथे स्वामी समर्थांच्या मठात जायला नाहीतर पावसाळ्यात धरणावर भिजायला येतात. मी आलो होतो रूळ बघायला. (होय, घरच्यांनीही असंच बघितलं माझ्याकडे.)

तर रूळ. कर्जतहून येणारी लाइन पळसदरीला फुटते. एक फाटा सपाटीने केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला जातो आणि तिथे संपतो. दुसरा घाट चढायला लागतो, जांब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा करत लोणावळ्याला पोचतो आणि पुढे पुण्याला. मी लहानपणापासून या फाट्याच्या अलीकडच्या लाइनवर वाढलो. पुण्याच्या गाड्या समोरून जायच्या, पण आमच्यासाठी थांबायच्या नाहीत. पुण्याला जायचं तर आधी उलटं कर्जतला जा, मग गाडी पकडा. असो, नमनाला घडाभर तेल पुरे.

हे सगळं आठवायचं कारण एक गोष्ट. जयंत नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्यानंतर मी त्यांच्या जुन्या विज्ञानकथा परत काढून वाचायला घेतल्या. त्यांचा लेखनातला प्रवेश तर तुम्हाला माहीत असेलच : १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. ज.वि.ना. उलटं केलं की ना.वि.ज.! नाव ओळखून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. आणि बक्षीस मिळालंच.

त्यांच्या कथांतली माझी सगळ्यात आवडती 'गंगाधरपंतांचे पानिपत'. आठवीत असताना मामाकडे पहिल्यांदा वाचली. नंतर माझ्या मावसभावाच्या सीबीएसईच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात तिचा संक्षिप्त इंग्रजी अवतार सापडला, तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त आनंद मलाच झाला होता. खालचे तपशील मी त्या इंग्रजी अवतारावरून घेतोय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासकार. पानिपतची तिसरी लढाई मराठ्यांनी जिंकली असती तर पुढे काय झालं असतं, या विचारात असताना पुण्यात त्यांची एका ट्रकशी टक्कर होते आणि ते सरळ दुसऱ्याच जगात जातात. त्या जगात १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी लागतच नाही, कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकतात. ईस्ट इंडिया कंपनीला हातपाय पसरता येत नाहीत. इंग्रजांकडे उरते फक्त मुंबई, तीही भाडेपट्ट्याने, २००१ पर्यंतच्या कराराने. पंत पुण्याहून 'जिजामाता एक्सप्रेस'ने मुंबईला जातात. ही गाडी आपल्या डेक्कन क्वीनपेक्षा वेगवान, लोणावळा चाळीस मिनिटांत. एका लांब बोगद्यानंतर 'सरहद' नावाचं स्टेशन येतं, तिथे गणवेशातला अँग्लो-इंडियन माणूस परवाने तपासतो. तिथून इंग्रजांचं राज्य सुरू. लोकलच्या डब्यांवर छोटासा युनियन जॅक. बोरीबंदरला ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय अजून उभं! पंत एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून सगळा इतिहास वाचतात आणि तो नेमका कुठे वळला ते शोधतात. शेवटी सभेतल्या गोंधळानंतर आपल्या जगात परत येतात, आणि खिशात सापडतं तिथल्या बखरीचं एक फाटलेलं पान. आपल्या प्रतीत गोळी लागते, त्या पानावर ती चुकते. एवढाच पुरावा.

पाश्चात्त्य लेखकांनी हा प्रकार भरपूर हाताळलाय. मरे लेन्स्टरची 'साइडवाइज इन टाइम' १९३४ ची, फिलिप के. डिकची जर्मनी-जपान महायुद्ध जिंकतात ती कादंबरी १९६२ ची. ह्यू एव्हरेटने पुंजभौतिकीचा 'अनेक विश्वां'चा अर्थ मांडला १९५७ मध्ये. पण त्या सगळ्यात आपलं कर्जत कुठेच नाही. नारळीकरांच्या कथेत आहे! जिजामाता एक्सप्रेस कर्जतला क्षणभर थांबते आणि आणखी वेगाने पुढे जाते. म्हणजे ती पळसदरीवरून गेली असणार, दुसरा रस्ताच नाही. लोणावळ्यानंतरच्या घाटाबद्दल लेखक एवढंच सांगतो की पंतांना तो ओळखीचाच वाटला, त्यात काही फरक नव्हता.

आठवीत मी हे वाक्य वाचून पुढे गेलो होतो. आता इंजिनिअर झाल्यावर तिथेच अडकलो. अहो, सगळा इतिहास बदलला, दिल्ली बदलली, बोरीबंदर बदललं, आणि बोरघाट तसाच? मग तो बांधला कोणी?

आपल्या जगात कोणी बांधला ते आधी बघू. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ला सुटली हे शाळेत पाठ केलेलं असतं. पुढचं कोणी सांगत नाही. १ मे १८५४ ला कल्याण, आणि १२ मे १८५६ ला गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. इंग्रजांच्या कागदांत खोपोलीचं 'कॅम्पूली' आणि पळसदरीचं 'पडुसधुरी' असं काहीतरी होतं, वाचून मी हसून हसून लोळलो. म्हणजे आमची आज आडबाजूला पडलेली लाइन हीच आधीची लाइन! वर खंडाळा ते पुणे हा तुकडा १४ जून १८५८ ला सुरू झाला. मध्ये घाट. त्यामुळे पाच वर्षं लोक मुंबईहून आगगाडीने खोपोलीला यायचे, तिथून पालखीत, घोड्यावर नाहीतर पायी घाट चढायचे आणि खंडाळ्याला परत गाडीत बसायचे. खोपोली तेव्हा अक्षरशः दोन जगांच्या मधलं गाव होतं.

घाटाचं काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली, ठेकेदार फेव्हिएल. आकडे सांगतो, कारण मला आकडे आवडतात. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत पावणेसोळा मैल, तेवढ्यात चढण १८३१ फूट, २५ बोगदे, काही ठिकाणी ३७ ला १ असा चढ. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात तर १ मीटर वर. रस्त्यावर हे काहीच नाही, पण लोखंडाच्या रुळावर लोखंडाच्या चाकासाठी हा जवळजवळ जिना आहे. म्हणून तर आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि आपण तेवढ्यात बटाटेवडे खाऊन घेतो. खंडाळ्याजवळ तर वळण घ्यायलाही जागा नव्हती. तिथे 'रिव्हर्सिंग स्टेशन' केलं : गाडी टोकापर्यंत जायची, इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायचं आणि गाडी उलटी निघायची. हा प्रकार १९२९ पर्यंत चालू होता.

जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकल्यामुळे मजुरांनी दंगा केला, त्यात एक गोरा मेला. फेव्हिएलने ठेका सोडला. मग आला सॉलोमन ट्रेडवेल. तो इंग्लंडहून आल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका स्वतःकडे ठेवला आणि दोन इंजिनिअर नेमून काम पुरं करवलं. (हिच्यावर अजून मराठीत कादंबरी कशी नाही?) १८६१ मध्ये घाटात एका वेळी ४२ हजार माणसं काम करत होती. कड्यांवर माणसं दोरांनी खाली सोडून सुरुंगाची भोकं पाडली जायची. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरने घाट खुला केला. बर्कली ते बघायला नव्हता, आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये वारला होता. आणि १८६७ मध्ये यातला एक मोठा पूल कोसळलाही. म्हणजे पहिल्या रिलीजला बग आपल्याच काळात येतात असं नाही.

आता परत त्या दुसऱ्या जगात. नारळीकरांनी सोय करून ठेवलेली आहे. त्यांच्या इतिहासात पुण्याचे राज्यकर्ते युरोपातल्या नव्या तंत्राचं महत्त्व ओळखतात, स्वतःची विज्ञानकेंद्रं काढतात, आणि कंपनीकडून तज्ज्ञ घेतात ते आपण स्वावलंबी होईपर्यंतच. ठीक. म्हणजे बर्कली तिकडेही आला, पण पगारी नोकर म्हणून. मान्य.

पण मला खरी शंका वेगळी आहे. घाट का बांधला? आपल्याकडे तो बांधला कारण लँकेशरच्या गिरण्यांना दख्खनचा कापूस मुंबई बंदरात हवा होता आणि फौज लवकर वर न्यायची होती. वर सरकारने कंपनीला पाच टक्के परताव्याची हमी दिलेली. त्या जगात मुंबई हे परक्याचं बंदर. तिथून थेट पुण्याच्या दारात रूळ घालायला शहाणा पेशवा परवानगी देईल?

ही शंका हवेतली नाही. आपल्याच जगात, पानिपतानंतर १८ वर्षांनी, इंग्रज याच वाटेने आले होते. राघोबादादाला गादीवर बसवायला मुंबईची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये निघाली. चार हजारांच्या आत सैनिक आणि सामान ओढायला हजारो बैल. पनवेलहून खोपोली, तिथून बोरघाट चढून खंडाळा. मराठे समोर येईनात, नुसते लचके तोडत राहिले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, तोच आपला 'इष्टुर फाकडा'. तळेगावला पोचेपर्यंत फौजेच्या लक्षात आलं की पुढे दाणागोटा नाही, मागे घाट आहे आणि सगळीकडे मराठे आहेत. वडगावला शरणागती. ज्या फौजेला मुंबईहून तळेगावला जायला दीड महिना लागला, ती आगगाडीने दुपारच्या जेवणाआधी पोचली असती. नाना फडणवीस जिवंत असता तर त्याने पळसदरीला पहिलाच रूळ उखडून टाकला असता, असं माझं ठाम मत आहे.

आणि नानाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. हा नाना पानिपतावर होता. अठरा वर्षांचा. आई तिथे गमावली आणि स्वतः कसाबसा जीव वाचवून परतला, ते सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. खोपोलीत वीरेश्वराचं देऊळ आणि शेजारचं मोठं तळं त्याने बांधलं. मी त्या तळ्याच्या काठावर क्रिकेट खेळलोय, बॉल तळ्यात गेला की आऊट. घाट चढण्याआधी वाटसरूला पाणी मिळावं म्हणून हे तळं. आता विचार करा. पानिपतातून पळून आलेल्या मुलाने बांधलेलं तळं जिंकलेल्या जगात असेल का? तिकडे भाऊसाहेब परत आले, विश्वासराव पेशवे झाले, मग नाना कदाचित एखाद्या दप्तरात फडणिशी करत म्हातारा झाला असेल. तळं नाही, आणि आमची विकेटही नाही.

मला या कथेत नेहमी वाटत आलंय की इतिहासाचा फाटा एकाच गोळीवर ठेवणं हे गोष्टीसाठी उत्तम, पण पुढे किती फाटे आहेत बघा. आपल्या जगात पानिपत हरूनही थोरल्या माधवरावांनी दहा-अकरा वर्षांत राज्य परत उभं केलं. मग १८ नोव्हेंबर १७७२ ला ते थेऊरला क्षयाने गेले, वय २७. (माझ्याहून एका वर्षाने लहान. मी या वयात फार तर एक मॉड्यूल परत उभं केलंय.) ग्रँट डफने तर पानिपतापेक्षा हा मृत्यूच मराठ्यांना महागात पडला, या अर्थाचं लिहून ठेवलंय. म्हणजे गोळीऐवजी एक जंतू. नारायणरावाचा खून १७७३ चा, त्यातून राघोबा, त्यातून वडगाव. आणि वडगाव तर आपण जिंकलो! तरी मुंबई आणि कलकत्त्याच्या इंग्रजांनी तो करार फेटाळला आणि युद्ध चालूच राहिलं. मग जिंकून काय बदललं?

नारळीकरांनी कथेत रेने थॉमच्या 'कॅटॅस्ट्रॉफी थिअरी'चा आधार घेतलाय. कारणात किंचित बदल आणि परिणामात एकदम उडी. डोंगराच्या धारेवर गोटी ठेवा, फुंकर या बाजूने आली की कोकणात, त्या बाजूने आली की देशावर. गणित म्हणून सुंदर आहे. पण त्यासाठी गोटी धारेवर असावी लागते. सपाटीवरच्या गोटीला कितीही फुंकर मारा, थोडी सरकते आणि थांबते. पानिपतच्या दुपारी सगळा हिंदुस्थान खरंच धारेवर होता की एका मोठ्या उतारावर, हा खरा प्रश्न. मला वाटतं वाफेचं इंजिन, कापूस आणि तोफा यांचा उतार आधीच तयार होता, गोळी चुकली असती तरी. नारळीकरांनाही हे जाणवलं असावं, नाहीतर जिंकलेल्या मराठ्यांच्या राज्यातही त्यांनी आगगाडी, बोगदे आणि घाट जसेच्या तसे ठेवले नसते.

आता घाट तसाच आहे म्हटल्यावर जी गोष्ट मला सोडत नाही ती सांगतो.

आमचं घराणं मूळचं खोपोलीचं नाही. माझ्या खापरपणजोबांचे वडील आणि त्यांचा भाऊ, दोघं घाटावरून दुष्काळातून खाली आले ते रेल्वेच्या कामावर. कागद काही नाही. आज्जी एवढंच सांगते, "दोघं आले. एक खाली राह्यला, एक वर राह्यला." लहानपणी मला वाटायचं की वरच्याने लोणावळ्याला घर केलं. एकदा मी विचारलंही, मग त्यांच्याकडे आपण कधी जात का नाही? आज्जी म्हणाली, "अरे बाळा, वर म्हंजे बोगद्यात. पटकीनं."

१८५९-६० मध्ये घाटात पटकीची मोठी साथ आली होती. एकूण किती मेले याची धड नोंद नाही, अंदाज हजारोंचे आहेत. इंग्रज इंजिनिअरांची नावं सापडतात, ठेकेदारांची सापडतात, अ‍ॅलिस ट्रेडवेल सापडते. बेचाळीस हजारांतलं एकही नाव मला मिळालं नाही. जुन्या रस्त्याला बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे, इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर आणि मग त्यांनीच त्याला मारलं अशी कथा सांगतात. इतिहास नसेल, पण ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात आणि आमची आज्जीही टाकते. कोणासाठी टाकते ते मी विचारलेलं नाही.

तर गंगाधरपंतांच्या जगात जर घाट तसाच असेल, तेच २५ बोगदे, तोच चढ, तर तो तसाच फोडला असणार. डायनामाइट तर १८६७ पर्यंत नव्हतंच, कुठल्याच जगात. पुण्याचं सरकार आपलं होतं म्हणून सुरुंग हळू फुटले असते की पटकी टळली असती? पेशवाईत वेठबिगार होतीच. मावसभावाला मी हे बोललो तर तो म्हणाला, "तिकडे निदान मजुरी वेळेवर दिली असती रे." असेलही. माझा तेवढा विश्वास नाही. जिजामाता एक्सप्रेसच्या खिडकीत बसलेल्या पंतांना युनियन जॅक दिसतो, परवाने तपासणारा दिसतो, त्यांचा फाटा त्यांना लगेच ओळखू येतो. बोगद्यात वर राहिलेल्या माणसाला दोन जगांत फरक सापडला असता का, मला सांगता येत नाही.

आणि दुसरी बाजू. समजा मी म्हणतो तसं झालं, नानासारखा कोणी आडवा पडला आणि त्या जगात घाट झालाच नाही. मग दोघं भाऊ खाली आले नसते. धाकटा वाचला असता. थोरल्याने खोपोलीत संसार मांडला नसता. आज्जीने हे सगळं कोणाला सांगितलं नसतं, कारण ऐकायला मी नसतो.

पळसदरीच्या बाकावर बसून हे सगळं डोक्यात चाललं होतं. समोरून पुण्याकडे जाणारी एक एक्सप्रेस गेली. मागे बँकर इंजिनं जोर लावत होती, पार जांब्रुंगकडे दिसेनाशी होईपर्यंत आवाज येत राहिला. आज्जीचा फोन आला, पोचलास का म्हणून. म्हटलं, नाही, अजून पळसदरीलाच आहे. "तिथं काय करतोयस?" सांगता येईना. तेवढ्यात कर्जतची लोकल आली.